बिनाका गीतमालेचे क्रमवार दशक (१९५४-१९६३) : लोकप्रियतेची मोजणी आणि बुलढाणा जिल्ह्यातील श्रोता

प्रस्तावना

चित्रपटगीतांच्या अभ्यासात ‘लोकप्रिय’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. एखादे गीत लोकप्रिय होते असे म्हणताना ते कोणाला, कोठे आणि कोणत्या मोजमापाने लोकप्रिय होते, हे सहसा सांगितले जात नाही. १९५० च्या दशकासाठी असे एक मोजमाप उपलब्ध आहे. ते म्हणजे रेडिओ सिलोनवरून प्रसारित होणारी बिनाका गीतमाला. तिच्या वार्षिक यादीतील प्रथम क्रमांकाची गीते काय सांगतात आणि ही यादी पुरावा म्हणून वापरताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्याचा संदर्भ घेऊन केले आहे.

कोलंबो जवळ, नागपूर दूर

१९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बा. वि. केसकर यांच्याकडे आली. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा या हेतूने त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. अल्पावधीतच ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. हेतू उदात्त होता. परिणाम मात्र असा झाला की श्रोता शास्त्रीय संगीताकडे न वळता कोलंबोकडे वळला. ३ डिसेंबर १९५२ रोजी गीतमालेचा पहिला कार्यक्रम प्रसारित झाला. निवेदक अमीन सयानी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचेही नव्हते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती कोलंबोला पाठविल्या जात आणि तेथून दर बुधवारी रात्री ८ वाजता त्या भारतभर ऐकू येत.

हे तांत्रिकदृष्ट्या कसे शक्य झाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या आग्नेय आशिया सेनाविभागाने सैनिकांसाठी सिलोनमध्ये शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. परंतु मध्यमलहरींची भूलहर अंतराबरोबर क्षीण होते आणि रात्री परावर्तित लहर तिच्यात मिसळली की आवाज चढउतार करू लागतो. बुलढाणा जिल्हा नागपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर आणि कोलंबोपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. तरीही खामगाव किंवा मलकापूर येथील श्रोत्याला हवे ते गाणे हवे तेव्हा कोलंबोच देऊ शकत होते. अर्थात त्यासाठी घरात व्हॉल्व्हचा संच, त्याला वीज किंवा बॅटरी, छपराखाली ताणलेली जाळीची एरियल आणि टपाल कार्यालयातून घेतलेला परवाना लागत असे. खेड्यांत वीज पोचलेली नसल्याने हा श्रोता बहुतांशी तालुक्याच्या गावचा होता. ट्रान्झिस्टरचा प्रसार पुढे झाला.

मोजणीची रीत

प्रारंभी कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. सात गीते क्रमाविना वाजविली जात व श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा असे. सयानी यांनी मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि पुढे आठवड्याच्या पत्रांची संख्या साठ हजारांच्या पुढे गेली. एवढी पत्रे हाताळणे अशक्य झाल्यावर १९५४ पासून गीतांची क्रमवार ‘पायदाने’ सुरू झाली. क्रम ठरविण्यासाठी तबकड्यांच्या दुकानांतील विक्रीचा आधार घेतला गेला. दुकानदारांच्या आकड्यांवर प्रभाव टाकता येतो हे लक्षात आल्यावर श्रोतासंघांची मतेही जोडली गेली. म्हणजेच ही यादी जनमताची शिरगणती नव्हे. तबकडी विकत घेणारा आणि पत्र लिहिणारा, अशा दोन वर्गांचे ते मिश्रण होय.

दहा वर्षांची दहा गीते

वार्षिक यादीत प्रथम आलेली गीते अनुक्रमे पुढील चित्रपटांतील आहेत : ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४), ‘श्री ४२०’ (१९५५), ‘सी.आय.डी.’ (१९५६), ‘जनम जनम के फेरे’ (१९५७), ‘सोलवा साल’ (१९५८), ‘चलती का नाम गाडी’ (१९५९), ‘बरसात की रात’ (१९६०), ‘ससुराल’ (१९६१), ‘जंगली’ (१९६२) आणि ‘ताजमहल’ (१९६३).

संगीतकारांत सचिनदेव बर्मन आणि शंकर-जयकिशन प्रत्येकी तीनदा, रोशन दोनदा, ओ. पी. नय्यर व एस. एन. त्रिपाठी एकेकदा येतात. गीतकार अवघे पाच : मजरूह व साहिर प्रत्येकी तीनदा, हसरत दोनदा, शैलेंद्र व भरत व्यास एकेकदा. नौशाद यांचे नाव एकदाही येत नाही. ‘मदर इंडिया’ (१९५७) आणि ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) यांच्या संगीतकाराची ही अनुपस्थिती ‘सुवर्णयुगा’विषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारी आहे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे ‘अनारकली’तील गीत १९५३ चे सर्वोच्च मानले जाते, परंतु तेव्हा साप्ताहिक क्रमवारी नव्हती, म्हणून ते येथे धरलेले नाही.

त्याहून लक्षणीय बाब आवाजांची आहे. दहापैकी सहा गीतांत महंमद रफी आहेत. तलत, मुकेश आणि हेमंतकुमार यांची एकेक एकल गीते आहेत. गीता दत्त, लता मंगेशकर व आशा भोसले केवळ युगुलगीतांतून येतात. एकट्या स्त्री-आवाजाचे गीत या दहा वर्षांत एकदाही शिखरावर नाही. ज्या काळाला लताबाईंचा काळ म्हटले जाते, त्या काळाची ही स्थिती आहे. पत्र लिहिणारा, दुकानात जाऊन तबकडी घेणारा आणि श्रोतासंघ चालविणारा बहुधा पुरुषच होता, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. घरातील स्त्रिया तेच गाणे ऐकत होत्या. मात्र त्यांचे मत पोस्टकार्डावर क्वचितच उतरत असावे.

१९५७ चे उदाहरणही बोलके आहे. ‘मदर इंडिया’, ‘नया दौर’ आणि ‘प्यासा’ यांच्या वर्षी एका अल्पखर्चिक धार्मिक चित्रपटातील लता-रफी यांचे गीत प्रथम आले. भक्तीचा आणि प्रेमाचा असा दुहेरी अर्थ घेता येणारे हे गीत महानगरापेक्षा लहान गावांच्या श्रोत्याला अधिक जवळचे वाटले असावे, असे मानण्यास जागा आहे.

यादीत न दिसणारे

गीतमालेत मराठी गीताला स्थान नव्हते. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांची ५६ गीते वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. त्यांची लोकप्रियता कोणत्याही पायदानावर नोंदली गेली नाही. शेगाव, मेहकर, देऊळगाव राजा येथील श्रोता बुधवारी कोलंबो ऐके आणि तोच भजनी मंडळातही बसे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाल्यावर आकाशवाणीने चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले, तरी बुधवारची रात्र दीर्घकाळ सिलोनचीच राहिली. गीतमाला विविध भारतीकडे आली ती थेट १९८९ साली.

जिल्ह्यातील श्रोत्याचा माग काढावयाचा झाल्यास कोलंबोच्या यादीपेक्षा घरोघरी जपलेली रेडिओ परवान्यांची पुस्तके, जुन्या दुकानांच्या तबकडी-विक्रीच्या वह्या आणि आज ऐंशीच्या घरात असलेल्या स्त्रियांच्या मुलाखती अधिक उपयोगी पडतील. यांपैकी मुलाखतींचे काम प्रथम हाती घेणे इष्ट, कारण वह्या थांबू शकतात.