हजेरीपुस्तकात न मावणारं

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये प्राचार्यांनी विभागाची जबाबदारी माझ्याकडे दिली. घरी सांगितलं तर सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे पगार वाढला?" पगार वाढला नव्हता. वाढली होती कपाटाची एक किल्ली, एक हजेरीपुस्तक आणि नऊ माणसं. मी मराठीची एम. ए. माणसं सांभाळायचा पेपर आम्हाला नव्हता.

पहिल्याच महिन्यात आमचे शिपाईमामा आठवड्यातून दोनदा उशिरा येऊ लागले. तिसऱ्या वेळी मी लाल शाईनं खूण केली आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "मामा, घरचं घड्याळ बंद पडलंय का?" कुणीतरी हसलं. मामा काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला दिवसभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूम रिकामी झाल्यावर चहा मागवला आणि कन्नडमध्ये विचारलं. "अव्वगं आरामिल्रि, मॅडम." आईचं डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. मराठीत मामा माझ्याशी कामापुरतं बोलत. घरचं दुखणं निघालं ते घरच्या भाषेत. आपण रजा म्हणतो, ते रजे म्हणतात. कार्यालयातले शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, म्हणून आपल्याला वाटतं की माणूसही कळला.

त्या दोन दिवशी अकराला यायचं आणि संध्याकाळी तासभर थांबून वर्ग बंद करायचे, असं ठरलं. प्राचार्यांची लेखी परवानगी घेतली. इतरांना बदललेली वेळ सांगितली, कारण नाही. लगेच कुरकुर सुरू : "त्यांना सवलत, मग आम्हाला?" गरज असेल तर सांगा, म्हटलं. दोघींनी सांगितली. एकीचं जमलं, दुसरीचं नाही; ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. चालायचंच. गौरी-गणपतीच्या रजेवरून होणारी भांडणं मात्र महिनाभर आधी भिंतीवर कागद लावून प्रत्येकाकडून तारखा लिहून घेतल्यावर बरीच थांबली.

एवढ्यावर मला वाटलं, जमलं आपल्याला. मग चूक झाली. (पुढच्या प्रसंगातले तपशील बदलले आहेत. अशा तक्रारीतल्या कुणाचीही ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे.)

एक तरुण अतिथी व्याख्याती माझ्याकडे आली. एक ज्येष्ठ सहकारी रात्री-अपरात्री फोन करतात, साडीवरून शेरे मारतात, जिन्यात वाट अडवून उभे राहतात. मी घरातल्या थोरल्या जावेसारखी बोलले, "लिहून कशाला देतेस? मी समजावते त्यांना. तुझं अजून सगळं व्हायचंय." तिनं मान हलवली. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर तिचा राजीनामा होता.

त्या रात्री मी 2013 चा कायदा पहिल्यांदा नीट वाचला. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवी; अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत, एक सदस्य बाहेरचा. अतिथी, हंगामी, कंत्राटी अशा सगळ्यांना तो लागू आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. आणि तडजोड? ती फक्त तक्रारदार बाईनं स्वतः मागितली तर, समितीमार्फत, तीही पैशांवर नाही. मी मध्ये पडून "समजावते" म्हणाले, तो अधिकार मला नव्हताच. आमच्या कॉलेजात समिती होती, सूचनाफलकावर तिची नावंही होती. रोज त्याच फलकाखालून मी वर्गावर जात होते.

रविवारी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं दार उघडलं. आत या म्हणायला त्यांना जरा वेळच लागला. मी चुकले हे सांगितलं, कायदा सांगितला, ठरवायचं तिनंच, हेही सांगितलं. दोन दिवसांनी तिनं राजीनामा मागे घेतला आणि कन्नडमध्ये चार पानी तक्रार दिली. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी लागते, आमची संपली. निकाल इथं लिहिण्याचा नाही.

पण समितीपुढं मलाही बोलावलं होतं. बाहेरून आलेल्या वकीलबाईंनी विचारलं, "तिनं पहिल्यांदा सांगितलं, त्या दिवसाची तुमच्याकडे काय नोंद आहे?" मामांच्या लाल खुणा माझ्याकडे तारीखवार होत्या. या दिवसाची नोंद नव्हती. मी तसंच सांगितलं.