विश्लेषण : ७२ मेळकर्ता रागांच्या रचनेमागे मराठी काव्य कसे?

‘सर्व स्वरसप्तके एकाच कृतीत’ हा ध्यास युरोपातही दिसतो आणि दक्षिण भारतातही. मात्र दोन्हीकडे ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

बाख यांनी काय केले?

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी १७२२ मध्ये ‘द वेल टेम्पर्ड क्लेव्हियर’चा पहिला भाग पूर्ण केला. त्यात मेजर आणि मायनर या दोन प्रकारांत, सप्तकातील बाराही स्वरांना आधार मानून २४ प्रेल्यूड-फ्यूगच्या जोड्या आहेत. जुन्या पद्धतीने जुळवलेल्या वाद्यांवर काही पट्ट्या बेसूर वाटत. योग्य जुळवणी केल्यास एकाच वाद्यावर सर्व पट्ट्या वाजवता येतात, हे या कृतीने दाखवले. पुढे शोपँ आणि शोस्टाकोविच यांनीही २४ पट्ट्यांचे संच रचले.

७२ हा आकडा कुठून आला?

गायकाने ‘काळी एक’ सोडून ‘पांढरी चार’ घेतली, तर पट्टी बदलते. राग बदलत नाही. कर्नाटक संगीतात मात्र स्वरांतील अंतरेच बदलतात. सा आणि प अचल. रे-ग यांच्या सहा जोड्या, ध-नी यांच्या सहा आणि मध्यम दोन : ६ × ६ × २ = ७२. हे गणित सतराव्या शतकात वेंकटमखी यांनी ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’त मांडले. तेव्हा त्यातील मोजकेच मेळ प्रचारात होते.

मराठीचा संबंध काय?

तंजावरचे कवी लावणी वेंकटराव यांनी ‘बहात्तर मेळकर्ता’ हे काव्य मराठीत लिहिले. ते तंजावरच्या भोसले घराण्याचे जावई सखाराम साहेब यांच्या स्तुतीपर होते. महावैद्यनाथ अय्यर (१८४४-१८९३) यांनी त्याला ७२ रागांत बांधले. माणसाची स्तुती मनाला न पटल्याने त्यांनी पुढे शंकरावर संस्कृत शब्द रचले. कनकांगीपासून रसिकप्रियापर्यंत जाणारी ही मेळरागमालिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहे. कागदावरचे गणित गाता येते, याचा तो पुरावा ठरला.

हिंदुस्थानी संगीतात असे का नाही?

पंडित भातखंडे यांनी ७२ मेळांचा अभ्यास केला होता. पण प्रचलित रागांच्या वर्गीकरणासाठी त्यांनी दहाच थाट निवडले. शक्य ते सर्व मोजण्यापेक्षा, गायले जाते ते मांडणे त्यांना महत्त्वाचे वाटले.