गीझरची निगा : घराची सुरक्षितता आणि कारागिराचा बारमाही धंदा

थंडीची चाहूल लागली की विजेच्या सामानाच्या दुकानांत गिऱ्हाइकांची ये-जा वाढते. कुणाचे पाणी तापत नाही, कुणाच्या टाकीखाली थेंब पडतात, कुणाच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. सगळ्यांना दुरुस्ती आजच हवी असते. कारागीर एका दिवसात किती घरे करणार? मग घाईत काम होते, दोन पैसे जास्त घेतले जातात आणि पुढच्या हिवाळ्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

वास्तविक गीझर एका रात्रीत बिघडत नाही. तो वर्षभर हळूहळू, आवाज न करता खराब होत असतो. सायकलला तेल आणि शिलाई मशीनला सफाई लागते हे आपण जाणतो, पण गीझर एकदा भिंतीवर बसला की तो बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी पाहत नाही. वर्षातून एकदा तासभर त्याची नीट तपासणी झाली तर त्याचे आयुष्य वाढते आणि घरातील माणसांच्या जिवाचा धोका टळतो. आमच्या कारागीर बंधूंसाठी तर हे हिवाळ्यापुरते न राहता वर्षभराचे काम होऊ शकते. म्हणून या विषयाची माहिती येथे थोडी तपशिलाने देत आहोत.

टाकीच्या आत काय घडते?

घरगुती साठवणीच्या गीझरमध्ये एक टाकी, पाणी तापविणारी कॉइल, ठरावीक उष्णतेला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो निकामी झाल्यास वीज बंद करणारा कटआउट आणि जादा दाब बाहेर सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. कॉइल बहुधा २००० वॅटची असते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास अशा कॉइलला अठरा-वीस मिनिटे लागतात आणि सुमारे ०.६ युनिट वीज खर्च होते. हा हिशोब लक्षात ठेवावा. त्याच गीझरला तेवढ्याच पाण्यासाठी अर्धा-पाऊण तास लागू लागला तर आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

बहुतेक वेळा दोष पाण्यातील क्षारांचा असतो. बोअरचे आणि टँकरचे पाणी अनेकदा जड असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो. असे पाणी तापले की त्यातील चुना वेगळा होऊन कॉइलवर पांढरा थर धरतो. पाणी जितके जास्त तापवावे तितका थर लवकर बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात सहज जात नाही, कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते, तडकते आणि जळते. पाणी तापताना टाकीतून कडकड असा आवाज येऊ लागला तर थर बसल्याची ती खूण आहे.

दुसरी गोष्ट गंजाची. ज्या टाकीला आतून काचेसारखा लेप दिलेला असतो तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीचे पोलाद वाचविते. कांडी संपली की गंज टाकीवर उतरतो. टाकीला एकदा भोक पडले की तिची दुरुस्ती होत नाही, नवा गीझरच घ्यावा लागतो. पुष्कळ घरमालकांना अशी कांडी असते हेच ठाऊक नसते. एका स्वस्त कांडीअभावी महागडा गीझर भंगारात जातो.

वर्षातून एकदा करावयाचे काम

हे काम हिवाळ्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावे. कामाचा क्रम चुकू देऊ नये.

प्रथम वीज बंद करावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा किंवा मुख्य एमसीबी पाडावी आणि मग टेस्टरने खात्री करावी. गरम पाणी निवू द्यावे. पाणी येण्याचा नळ बंद करावा, आतील दाब सोडावा आणि टाकी पूर्ण रिकामी करावी.

त्यानंतर कॉइलची चकती उघडून तळातला गाळ काढावा. कॉइलवरील थर लाकडी पट्टीने हलक्या हाताने सोडवावा. उरलेला थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात कॉइल बुडवून ठेवल्यास निघतो. संडास धुण्याचे अ‍ॅसिड मात्र कधीही वापरू नये. त्याने थर लवकर निघतो खरा, पण कॉइलचे आवरणही खाल्ले जाते. मग आतल्या तारेपर्यंत पाणी पोहोचते आणि वीज पाण्यात उतरते.

मॅग्नेशियमची कांडी अर्ध्याहून जास्त झिजली असेल किंवा मधली तार दिसू लागली असेल तर बदलावी. रबरी वायसर प्रत्येक वेळी नवा घालावा. जुना वायसर पुन्हा बसविला तर महिन्याभरात पाणी ठिबकते आणि दोष कारागिराच्या माथी येतो.

पुन्हा जोडणी झाल्यावर आधी पाणी, मग वीज हा नियम पाळावा. गरम पाण्याच्या नळातून हवा निघून जाऊन अखंड धार येईपर्यंत बटण सुरू करू नये. कोरड्या टाकीत कॉइल थोड्या वेळातच जळते.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावा. यापेक्षा वर ठेवल्यास चुना जास्त बसतो. फार खाली ठेवल्यास कोमट साठलेल्या पाण्यात रोगजंतू वाढण्याचा संभव असतो. ६० अंशांचे पाणी मात्र काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे व नंतर गरम सोडावे. लहान मुले असलेल्या घरात ही सवय फार गरजेची आहे.

झिणझिण्या ही शेवटची सूचना

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर "जरासा करंट येतो" म्हणून सोडून देऊ नये. कॉइल फुटली आहे आणि अर्थिंगही बरोबर नाही, अशा दोन दोषांचा तो पुरावा असू शकतो. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला तोच करंट ठार करतो. गीझर ताबडतोब बंद करावा आणि दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नये.

गीझरसाठी तीन पिनांचा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट असावा. अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती जमिनीपर्यंत पोहोचते का हे मोजून पाहावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तारच नसते, हे कारागिरांना सांगायला नको. कॉइल मेगरने तपासावी. १ मेगाओमच्या खाली माप आले तर कॉइल बदलावी. याखेरीज ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविण्याचा सल्ला गिऱ्हाइकाला जरूर द्यावा. एमसीबी वायरिंग जळण्यापासून वाचविते, माणसाला शॉकपासून वाचविणारा आरसीसीबी असतो. हा फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगितला तर तो खर्चाला नाही म्हणत नाही.

ठिबकणारा व्हॉल्व्ह

"व्हॉल्व्हमधून पाणी गळते, बंद करून द्या" ही मागणी नेहमीची आहे. पाणी तापले की फुगते. २५ लिटरच्या टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापले तर पेलाभर पाणी जास्तीचे होते. ते परत मागे जाऊ शकत नसेल तर व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. ही गळती दोषाची नसून व्हॉल्व्ह आपले काम करीत असल्याची खूण असते. थंड टाकीतूनही सतत धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा, पण त्याचे तोंड बूच मारून कधीही बंद करू नये. थर्मोस्टॅट अडकला, कटआउट चालला नाही आणि व्हॉल्व्हला बूच मारलेले असले, तर टाकी फुटते. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी या कामाला कारागिराने साफ नकार द्यावा.

गॅस गीझर : दिसत नाही असा शत्रू

वीज महाग म्हणून अनेक घरांनी गॅस गीझर घेतले. पाणी चटकन तापते, खर्चही कमी येतो. पण हिवाळ्यात न्हाणीघरात गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे पुष्कळदा हाच गीझर असतो.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणाऱ्या गीझरला दहा मिनिटांत सुमारे २ घनमीटर हवा लागते. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच न्हाणीघरात जेमतेम साडेचार घनमीटर हवा असते. म्हणजे दार-खिडकी बंद करून दहा मिनिटे स्नान केले तर जवळजवळ निम्मी हवा गीझरने वापरलेली असते. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, त्यामुळे गळती कळते. हा विषारी वायू कळतच नाही. डोके जड होते, चक्कर येते आणि दार उघडण्याआधीच शुद्ध हरपते.

म्हणून गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा व केवळ गरम पाण्याचा पाइप आत घ्यावा. वर्षातून एकदा बर्नर व वरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरील काजळी साफ करावी. ज्योत निळी असावी. पिवळी ज्योत दिसली की गीझर बंद करावा. गॅसची नळी भेगाळलेली नसावी आणि सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलावी. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती पाहावी, काडी पेटवून कधीही पाहू नये.

हाच नियम तांब्याच्या बंबालाही लागू आहे. गावाकडे बंब अजून वापरात आहेत. बंद खोलीत कोळसा पेटविला तर तोच विषारी वायू निघतो. बंब अंगणात पेटवावा, मधल्या नळीतील राख रोज काढावी आणि पाणी भरल्याशिवाय विस्तव घालू नये, नाहीतर डाग सुटतात.

धंद्याचा हिशोब

कल्हई करणारे, डाग देणारे, बंब दुरुस्त करणारे किती तरी कारागीर आपल्या मोहल्ल्यांत होते. स्टील आणि प्लास्टिक आले तसे त्यांचे काम कमी झाले. धातूची ओळख, हाताचे कसब आणि उष्णतेचा अंदाज ही त्यांची शिदोरी मात्र वाया गेलेली नाही. त्यांच्या मुलांनी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचे दोन वर्षांचे शिक्षण घेतले आणि वायरिंगच्या कामासाठी लागणारा सरकारी परवाना मिळविला तर हे काम त्यांच्यासाठी तयार आहे.

काम मात्र बोलावण्याची वाट पाहत करू नये. आपण बसविलेल्या प्रत्येक गीझरची वहीत नोंद ठेवावी : तारीख, पाणी बोअरचे की नळाचे, कांडी कधी बदलली, पुढची तपासणी कधी. गीझरवरही तशीच चिठ्ठी चिकटवावी. वर्ष भरत आले की स्वतः निरोप धाडावा. शंभर घरांची अशी वही ज्याच्याकडे आहे, त्याचे पावसाळ्याचे मंदीचे दिवसही कामाचे होतात. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणच्या लॉजमध्ये खोलीखोलीत गीझर असतात. अशा गिऱ्हाइकाशी वार्षिक करार करता येतो. मशिदीच्या वजूखान्यातील गीझरही विसरू नये. तो सर्वांचा असतो, म्हणून त्याची काळजी कुणीच घेत नाही, आणि फजरच्या अंधारात ओल्या पायांनी शेकडो माणसे त्याच्या नळाशी उभी राहतात.

शेवटी एक गोष्ट सचोटीची. "चुन्यामुळे तुमचे वीजबिल दुप्पट होते" असे सांगून काही जण गिऱ्हाइकाला घाबरवितात. ते खरे नाही. विजेच्या गीझरमध्ये कॉइलची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. थरामुळे कॉइल जळते, वेळ जातो, पण बिल दुप्पट होत नाही. गॅस गीझरमध्ये काजळी धरली तर उष्णता वरच्या वर उडून जाते व गॅस जास्त लागतो, हे खरे आहे. जे खरे आहे तेवढेच सांगावे. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, न घातलेल्या भागाचे पैसे लावू नयेत, आणि गीझर आणखी दोन वर्षे चालणार असेल तर नवा घ्या म्हणू नये.

आज एक विक्री कमी झाली तरी चालेल. ज्या घरातील मुलेबाळे आपल्या भरवशावर गरम पाण्याचा नळ उघडतात, ते घर दुसऱ्या कारागिराचे दार ठोठावीत नाही.