जबड्याच्या सांध्याचे जुनाट दुखणे : निदान, उपचार आणि दक्षता

भाकरीचा घास चावताना कानाच्या पुढे कळ येते, जांभई देताना ‘कट्’ असा आवाज होतो, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो व दुपारपर्यंत कानशिले ठणकू लागतात. अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण बहुधा प्रथम कानाच्या डॉक्टरांकडे जातो. कानात दोष आढळत नाही. मग दाढेचा संशय घेतला जातो आणि कित्येकदा धडधाकट दाढ काढून टाकली जाते. दाढ जाते, दुखणे मात्र राहते. या दुखण्यात ताप नसतो, सूज क्वचितच दिसते व साध्या क्ष-किरण चित्रातही पुष्कळदा काही सापडत नाही. त्यामुळे घरच्यांना ते खोटे वाटू लागते. तरुण व मध्यम वयातील स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी गृहिणी कमी जेवते आहे, हे लक्षात येण्यासही आपल्याकडे वेळ लागतो.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले असता बोटाखाली जी हालचाल जाणवते, तोच हा सांधा. खालच्या जबड्याचे गोलसर टोक कवटीच्या खोबणीत येथे बसते व दोहोंच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक लहानशी चकती असते. गुडघा किंवा कोपर मुख्यतः बिजागरीसारखे वळतात. जबड्याचा सांधा वळतो आणि पुढेही घसरतो. शिवाय उजवा व डावा असे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एकाला विश्रांती देऊन दुसरा वापरता येत नाही. चकती जागेवरून सरकली की आवाज येतो. परंतु नुसता आवाज हा रोग नव्हे. वेदना नसेल व तोंड नीट उघडत असेल, तर त्यावर उपचाराची गरज नसते.

हे दुखणे आपल्या वैद्यकाला अपरिचित नव्हते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत वातव्याधींमध्ये ‘हनुग्रह’ सांगितला आहे. निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून पट्ट्याने बांधावा, असा विधी सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे. आधुनिक काळात अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये कानाच्या तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. दाढा पडल्याने चाव्याची उंची घटते व त्यामुळे हे सारे होते, ही त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. तरीही दात घासून ‘चावा जुळवून’ देण्याची पद्धत अनेक वर्षे चालू राहिली.

आज असे मानले जाते की या विकाराला एकच एक कारण नसते. झोपेत दात खाणे, ताणाखाली दिवसभर जबडा आवळून ठेवणे, हनुवटीवर बसलेला मार, संधिवात, अपुरी झोप, मानेचे दुखणे, मनावरील ओझे यांपैकी काही एकत्र येतात. पुष्कळ रुग्णांत तर सांध्यापेक्षा चर्वणाचे स्नायूच अधिक दुखत असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा कामगार, मार्चअखेरीस हिशेब जुळवणारा लिपिक किंवा पाच तास सलग बोलणारा शिक्षक, यांनी दिवसातून एकदा तरी आपले दात एकमेकांवर टेकलेले आहेत काय हे पाहावे. ओठ मिटलेले असताना वरचे व खालचे दात एकमेकांपासून किंचित दूर असणे, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था होय.

महाराष्ट्रात मात्र एका गोष्टीचा विचार आधी करावा लागतो, ती म्हणजे सुपारी. तोंड कमी उघडते म्हणून आलेल्या तरुणात दोष सांध्यात नसून गालाच्या आतील अस्तरात असणे, ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. सुपारीतील द्रव्यांमुळे अस्तराखाली तंतू साचतात, प्रथम तिखटाने तोंड जळजळते, नंतर गाल चामड्यासारखे ताठ होतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये १९५२ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन झाले व १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला आजचे नाव दिले. पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. राज्य शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु मावा किंवा नुसती सुपारीही हा विकार निर्माण करण्यास पुरेशी आहे. तंबाखू नसली की सुपारी निरुपद्रवी, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे.

तोंड किती उघडते हे पाहण्याची सोपी रीत आहे. स्वतःची तर्जनी, मध्यमा व अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. प्रौढ माणसाच्या तोंडात तीन बोटे सामान्यतः मावतात. दोनच मावत असतील, तर तपासणी करून घेणे आवश्यक आहे. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आवळू लागला, तर ते धनुर्वाताचे लक्षण असू शकते. तेथे एक तासही दवडू नये. चालताना किंवा चढ चढताना जबडा दुखून थांबल्यावर बरे वाटत असेल, तर हृदयाची तपासणी करावी. विजेच्या धक्क्यासारखी क्षणिक, असह्य कळ येत असेल, तर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार असू शकतो व त्याची औषधे वेगळी असतात.

उपचारांच्या बाबतीत घाई फार महागात पडल्याचे उदाहरण अमेरिकेतच घडले. १९८० च्या दशकात तेथे खराब झालेली चकती काढून तिच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे रोपण केले जात असे. चावण्याच्या दाबाखाली या रोपणाचे कण सुटले, भोवतालचे हाड झिजले व अनेक रुग्णांची स्थिती पहिल्यापेक्षा बिकट झाली. १९९० च्या सुमारास ती रोपणे परत मागवावी लागली. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यासाठी देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम व ताण, मान-खांद्यांच्या ठेवणीचे व्यायाम, स्नायूंवरील हस्तोपचार आणि वेदनेविषयीचे विचार व सवयी बदलण्याचे मार्गदर्शन यांची ठाम शिफारस आहे. चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया व चावा कायमचा बदलणारे उपाय यांविरुद्ध तितकाच ठाम सल्ला आहे. रात्री दातांवर बसवण्याच्या प्लास्टिकच्या पट्टीने दातांची झीज वाचते. परंतु जुनाट वेदनेवर तिचा लाभ अनिश्चित असल्याने केवळ दुखण्यासाठी तिच्यावर मोठा खर्च करण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. दुखणे वाढले असता काही दिवस नागलीची पेज, मऊ खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी असा आहार घ्यावा. ऊस दाताने सोलणे, भाजलेले कणीस, फुटाणे, कडक लाडू टाळावेत. मात्र महिनोन्महिने पातळ पदार्थांवर राहिल्याने स्नायू दुबळे होतात व अंगही धरत नाही. म्हणून कळ ओसरताच नेहमीच्या अन्नाकडे वळावे. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पंधरा-वीस मिनिटे शेकावे. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. हातावर हनुवटी टेकून वाचणे, खांदा व कान यांत फोन धरून बोलणे सोडावे. शिक्षकांनी दोन तासिकांच्या मध्ये जबडा सैल सोडून जीभ टाळूला टेकवावी. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून त्या दीर्घकाळ घेत राहू नये. जठर व मूत्रपिंड यांना त्याची किंमत मोजावी लागते.

लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. झाडावरून वा ओट्यावरून पडून हनुवटीला मार लागला, किंवा फुटलेल्या कानाकडे दुर्लक्ष झाले, तर सांध्यातील हाडे एकमेकांना जखडू शकतात. मग तोंड उघडत नाही, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते, झोपेत श्वास अडखळतो. हे मूल डबा सावकाश खाते, अस्पष्ट बोलते व म्हणून वर्गात ‘मंद’ ठरते. यावर शस्त्रक्रिया हाच उपाय असून तिच्यानंतर अनेक महिने तोंड उघडण्याचे व्यायाम कटाक्षाने करावे लागतात. रडणाऱ्या मुलाची दया येऊन घरच्यांनी ते सोडले, तर सांधा पुन्हा जखडतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांना व शाळांना भेट देतात. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाला हजर ठेवणे व तीन बोटांची चाचणी पथकासमोर करून दाखवणे, एवढे शिक्षकाला सहज करता येईल. सुरगाणा, पेठसारख्या दूरच्या तालुक्यांत पुढच्या प्रवासाचे ओझे ही खरी अडचण असते. तेथे ग्रामपंचायत सदस्याने कुटुंबासोबत एक फेरी केली तरी उपचार सुरू होतात.

प्रौढ रुग्णाने प्रथम ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढील तपासणीसाठी नाशिकचे जिल्हा रुग्णालय आहे, तसेच पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दंतवैद्यक व सामान्य वैद्यक या दोन शाखांच्या मध्ये हा रुग्ण हरवतो, असे २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालानेही नमूद केले आहे. म्हणून जाताना जुने कागद, घेतलेल्या गोळ्यांची नावे, दुखणे केव्हा सुरू झाले व कशाने वाढते याची टिपणी, आणि पूर्वी काढलेल्या दाढांची माहिती बरोबर न्यावी. दाढ काढण्याचा सल्ला मिळाल्यास ती कोणत्या दोषासाठी काढावयाची, हे रुग्णाने आधी विचारून घ्यावे.