वूफर गप्प झाला म्हणजे जळलाच का?

गणपती जवळ आले की कोपर, दिवा, डोंबिवलीत माळ्यावरचे साउंड बॉक्स खाली उतरतात. वायरी जोडून गाणं लावावं, तर ट्विटर वाजतो आणि वूफर गप्प. "कॉइल गेली, नवा घ्या," हा निकाल लगेच मिळतो. तपासणी मात्र कुणी केलेली नसते.

ती तपासणी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल करतो. सगळ्याचा प्लग काढा, वूफरच्या वायरी सोडवा आणि सेल त्याच्या दोन टर्मिनलना क्षणभर टेकवा. 'थप' आवाज होऊन कोन हलला, तर कॉइल शाबूत आहे. मग दोष वायरीत, क्रॉसओव्हरमध्ये (खर्ज वूफरकडे आणि वरचे स्वर ट्विटरकडे वाटणाऱ्या सर्किटमध्ये) किंवा ॲम्प्लिफायरमध्ये शोधायचा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळाभर पडून राहिलेल्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो. तो घासून जोड घट्ट केला, तर कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं.

मीटरवरून होणारी फसगतही नेहमीची. वूफरवर 8 ओहम छापलेलं असतं आणि मीटर 6 दाखवतो. लगेच "अर्धी कॉइल शॉर्ट" असं ठरतं. छापलेला आकडा ध्वनीच्या बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आहे. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, तो कमीच भरणार. 8 ओहमचा वूफर साधारण 5.5 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा 3 ते 3.7. मीटर 'ओपन' दाखवत असेल तर मात्र वाट तुटली आहे. तेव्हाही टर्मिनलपासून कोनाकडे जाणारी विणलेली तार आधी बघा. हलून हलून ती तुटते आणि डाग देऊन जोडता येते.

कॉइल खरोखर जळली तरी वूफर भंगारात घालायची गरज नसते. चांगल्या प्रतीचा असेल तर रिकोन करून घ्यावा: कोन, स्पायडर आणि कॉइल नवी बसते, चुंबक आणि फ्रेम तीच राहते. सुट्या भागांसाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड आहेच.

होम थिएटरमध्ये तर बिघाड नसतानाही वूफर गप्प राहतो. 5.1 मधला '.1' हा खर्जाचा वेगळा चॅनल दोनच चॅनलच्या गाण्यात नसतो. रिसीव्हरवर पुढचे स्पीकर 'लार्ज' ठेवलेले असतील, तर सगळा खर्ज त्यांच्याकडेच जातो. ते 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे वूफर बदलला की प्रश्न मिटला. ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल, तर वूफरला सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, मिळतो. कोन एका बाजूला ताणून राहतो, कॉइल तापते आणि जळते. त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला नवा वूफरही तसाच जळतो. स्पीकर न जोडता, गाणं बंद ठेवून आउटपुटवर मीटरने डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर काहीही जोडू नका. म्हणून नवा वूफर आणायला जाताना ॲम्प्लिफायरही बरोबर न्या आणि त्याचा डीसी तुमच्यासमोर मोजून घ्या.