दहा मिनिटांत जुगाराचा नाद सुटतो का?

जुगाराचा नाद लागला की घरचे आधी शपथ घालतात, मग मोबाइल काढून घेतात. चार दिवस जातात आणि 'गेलेले तेवढे काढतो, मग कायमचं बंद' म्हणत गडी पुन्हा बसतो. दारू सोडवायला माणसं दवाखान्यात जातात. जुगारासाठीही जाता येतं, हे फारसं कुणाच्या मनातच येत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराला दारू-ड्रग्जबरोबर व्यसनांत धरलं, तरी लाज काही कमी झाली नाही.

दवाखान्याची पायरी न चढणाऱ्यांसाठी कॅनडातल्या कॅल्गरीत डेव्हिड हॉजिन्स यांनी फोनचा उपयोग केला. २००१ च्या त्यांच्या अभ्यासात काहींना नुसती स्वमदत पुस्तिका मिळाली, तर काहींशी त्याआधी एकदा, २० ते ४५ मिनिटं, फोनवर बोलणं झालं. दोन वर्षांनंतरही फोनवर बोललेल्यांची प्रकृती पुस्तिकावाल्यांपेक्षा बरी होती.

त्या फोनवर उपदेश नसतो. समुपदेशक विचारतो, "खेळणं सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा."

"चार."

"चार का? एक का नाही म्हणालात?"

आता उत्तर त्यालाच शोधावं लागतं. झोप लागत नाही, मुलीच्या फीचे पैसे उडाले, बायकोशी खोटं बोलावं लागतं, हे तो आपल्या तोंडाने सांगतो. 'आठ का नाही?' असं विचारलं असतं तर त्याने सबबी दिल्या असत्या. विल्यम मिलर यांनी दारूच्या रुग्णांसोबत काम करताना ही पद्धत घडवली. आपण घरात नेमकं उलट करतो, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

अमेरिकेत नॅन्सी पेट्री यांनी वेळ आणखी कमी केला. २००८ च्या त्यांच्या अभ्यासात १८० जण होते. काहींची फक्त तपासणी झाली, काहींना दहा मिनिटांचा सल्ला, काहींना एक सत्र, काहींना चार. नुसत्या तपासणीच्या तुलनेत सहा आठवड्यांत खेळणं ठळकपणे घटलं ते दहा मिनिटंवाल्यांचंच. सल्ला साधा होता. इतरांच्या मानाने तुम्ही किती खेळता ते आधी दाखवायचं. मग पैशाला मर्यादा घाला, दिवस कमी करा, वेळ दुसरीकडे लावा आणि जुगाराला कमाईचं साधन समजू नका. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. 'गेलेले काढायचे' हे त्यावरच तर उभं असतं.

आपल्याकडे याला आधार आहे. गोव्यात 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून, दारू पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन दिलं. तीन महिन्यांनी त्यांतले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण २६ टक्के होतं. मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी असलेल्या राज्यात हेच जुगारासाठी करून पाहायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण नादी माणसाच्या डोक्यातला हिशोब बंदीने मिटत नाही.

कर्ज गळ्याशी आलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र दहा मिनिटांवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. सुरुवात फोननेही करता येते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.