रुंद टायरचा मोह

“बाबा, हेच घेऊ या. किती रुंद आहेत बघा! गाडी रस्त्याला चिकटून पळेल.”

“अरे, एवढ्या रुंद टायरची गरज असती तर कंपनीनेच नसते का दिले?”

भिलाईत सुपेल्याच्या जी. ई. रोडवर टायरच्या दुकानासमोर बापलेकांचा असा संवाद सहज कानांवर पडू शकतो. पोलाद कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून येऊन इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. सुट्टी लागली की त्यांची पावले नागपूरकडे वळतात. दारात गाडी आलेली असते आणि घरात तरुण मुलगा असेल तर ती साधी चालत नाही, ‘स्पोर्टी’ हवी असते. खरी स्पोर्ट्स कार मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेल्या पोलो जीटीसारख्या चपळ गाडीवर हौस भागवली जाते. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी जुनी गाडी शोधून घेणारे शौकीन आहेतच. गाडी हाती आली की पहिला हात टायरला!

ही हौस वेडगळ म्हणता येणार नाही. गाडीचे इंजिन कितीही दमदार असो, रस्त्याशी तिचा संबंध येतो तो फक्त चार टायरखालच्या तळहाताएवढ्या जागेतून. ब्रेक लागणे, वळण घेणे, पावसात न घसरणे, सारे तेवढ्या जागेवर अवलंबून. १९ जून २००५ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत हे साऱ्या जगाने पाहिले. तिथल्या उतरत्या, वेगवान वळणावर मिशेलिनचे टायर टिकतील याची खात्री उरली नाही, म्हणून सात संघांच्या चौदा गाड्यांनी ऐन वेळी माघार घेतली. ब्रिजस्टोनचे टायर लावलेल्या सहाच गाड्या धावल्या. त्यांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला.

आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर ‘१८५/६० आर १५ ८४ टी’ असे काहीसे लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १११ मिलिमीटर. १५ हा रिमचा इंचांतला व्यास. ८४ हा वजनाचा संकेतांक, त्याचा अर्थ एका टायरवर ५०० किलो. शेवटचे अक्षर वेगाचे : ‘टी’ ताशी १९० किलोमीटर, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४०, ‘डब्ल्यू’ २७०. वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर कंपनीने सांगितलेल्यापेक्षा वरचे चालेल, खालचे कधीही नको.

मुलाच्या मनात भरलेले टायर समजा २०५/५० आर १६ आहेत. चाकाचा एकूण व्यास ६०३ मिलिमीटरवरून ६११ वर जातो. फरक दीड टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर फारसे फसवणार नाही. पण भिंत १११ वरून १०२ मिलिमीटरवर आली. वळणावर गाडी नेमकी वळेल हे खरे. मात्र खड्ड्यात आदळल्यावर धक्का झेलायला रबर कमी उरले, तेव्हा रिम वाकण्याची आणि पाठीला हिसके बसण्याची तयारी ठेवा. शिवाय अशा टायरचे रबर मऊ असते. ते रस्ता घट्ट पकडते आणि लवकर झिजतेही. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायलाही लवकर लागतो, म्हणून नक्षीतल्या खाचा खोल आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या हव्यात.

रोज सेक्टरमधून बाजारात आणि महिन्यातून एकदा नागपूरला जाणाऱ्या कुटुंबाने मापाला हात न लावता त्याच मापात वरच्या वेगाच्या अक्षराचा, चांगल्या पकडीचा टायर घ्यावा. मुलाचा चेहरा पडेल, पण गाडीतल्या आजींची कंबर दुवा देईल!

खरा शत्रू उष्णता

नागपूरच्या पुढे शिर्डीला जायचे तर आता समृद्धी महामार्ग आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. ताशी १२० च्या मर्यादेत, काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर, मे महिन्याच्या उन्हात तासन् तास धावताना टायरची परीक्षा असते. हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, सतत दबून आतून तापते आणि शेवटी फुटते. हवा जास्त भरली की टायर फुटतो, या समजुतीने मुद्दाम हवा कमी ठेवणारे लोक नेमके संकट ओढवून घेतात.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. योग्य आकडा दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. नायट्रोजनसाठी पैसे मोजणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दुकानात आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. बाजूवरच्या ‘डॉट’च्या ओळीतले शेवटचे चार आकडे टायरचा जन्म सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर कधी कधी गोदामात वर्षानुवर्षे पडून असतो. आयएसआयची खूणही बघून घ्या. जुन्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत आल्या की त्याला निरोप द्यावा.

दोनच नवे घेण्याइतके पैसे असतील तर? बहुतेक जण ते पुढे लावतात. तज्ज्ञ मात्र ते मागे लावायला सांगतात, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरत नाही.

बसवताना टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे उभे राहून पाहा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. आणि निघण्याच्या दिवशी डिकीतले सामान भरण्यापूर्वी स्टेपनीची हवा बघा, ती सगळ्यांत खाली असते.